अंगणात उतरलेली शाळा

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारची जेवणं उरकून, ओटा पुसून मी जरा टेकले होते, तेवढ्यात शेजारची सूनबाई धावतपळत आली. ती गावातल्याच एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. हातात फाईल, कपाळावर आठ्या. म्हणाली, काकू, कृतिसंशोधनाचा अहवाल उद्या द्यायचाय आणि माझा एक शब्द लिहून झालेला नाही. एका मैत्रिणीचा जुना अहवाल मिळालाय, नाव बदलून तोच उतरवून काढू का?

मी पडले बी.ए. मराठीवाली. लग्न होऊन तुळजापुरात आले ती संसारात आणि जमेल तेवढ्या समाजकार्यात रमले. कृतिसंशोधन हा शब्द कानावरून गेलेला, पण म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नव्हतं. मग तिनंच समजावून सांगितलं. शिक्षकानं आपल्याच वर्गातली एक अडचण निवडायची. ती का येते याची कारणं शोधायची. अमुक केलं तर तमुक फरक पडेल असा अंदाज बांधायचा. मग ठरावीक दिवस तो उपाय करून बघायचा, आधीची नोंद आणि नंतरची नोंद ठेवायची, आणि फरक पडला की नाही ते खरं खरं लिहायचं. नाही पडला तर दुसरा उपाय शोधायचा.

ऐकता ऐकता मला हसूच आलं. भाकरी थापताना चिरायला लागली की आपण काय करतो? पीठ जुनं आहे का, पाणी कोमट होतं का, मळायला कमी पडलं का, एकेक करून बघतोच की! आपल्या सासवा आणि आया हेच तर करत आल्या. फक्त अहवाल तेवढा कुणी लिहिला नाही. पण हसता हसता मला एकदम आठवल्या त्या ताराबाई मोडक. त्या दुपारी मी तिला ताराबाईंची जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगावीशी वाटतेय.

ताराबाईंचं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे कुणास ठाऊक. पण अंगणवाडी हा शब्द ज्या बाईच्या तोंडी नाही अशी बाई अख्ख्या महाराष्ट्रात सापडायची नाही. बाळाचं वजन अंगणवाडीत, लस अंगणवाडीत, खाऊ अंगणवाडीत. मैत्रिणींनो, त्या अंगणवाडीच्या मुळाशी ताराबाई आहेत.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे मुलींनी शिकावं की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विचार करा, १९१४! तेव्हा आपलं तुळजापूर निजामाच्या राज्यात होतं. आपल्या पणज्यांना स्वतःचं नाव लिहिता येणं हीसुद्धा लांबची गोष्ट होती.

पुढे त्यांचं लग्न झालं ते मोडक नावाच्या वकिलांशी, आणि त्या अमरावतीला आल्या. पण संसार काही टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. आजही एखादी लेक सासर सोडून माहेरी आली तर गल्लीत कशी कुजबुज सुरू होते ते आपल्याला माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी घेऊन नवऱ्यापासून वेगळं होणं म्हणजे काय दिव्य असेल! ताराबाई रडत बसल्या असतीलही, कोण जाणे. पण बसून मात्र राहिल्या नाहीत. राजकोटला शिक्षिका तयार करणारं बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं, तिथल्या त्या प्राचार्य झाल्या. हातात पदवी होती म्हणून हे जमलं. लेकींना शिकवा असं मी जिथं जाईन तिथं सांगत असते, त्यामागं अशा बायकांची आयुष्यं असतात.

आता नोकरी होती, मान होता. दुसरी कुणी असती तर तिथंच निवृत्त झाली असती. पण १९२३ मध्ये ताराबाईंनी ती प्राचार्यांची खुर्ची सोडली आणि भावनगरची वाट धरली. कशासाठी? तर लहान मुलांच्या शाळेसाठी! भावनगरात गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून त्यांनी मारिया माँटेसरी यांची पुस्तकं वाचली आणि वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. माँटेसरीबाई इटलीच्या, पेशानं डॉक्टर. त्यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढलं होतं. मुलाला दटावून, मारून शिकवायचं नाही; त्याच्या हाताला काम द्यायचं, डोळ्यांना बघू द्यायचं, आणि आपण बाजूला उभं राहून ते काय करतंय ते नीट पाहायचं, अशी त्यांची पद्धत.

नीट पाहायचं! हेच ताराबाई भावनगरला शिकल्या. मूल रडतंय तर का रडतंय, एखादी वस्तू टाकून देतंय तर का टाकून देतंय, हे बघायचं. बघून लिहून ठेवायचं. मग त्याप्रमाणे वस्तू बदलायची, वेळ बदलायची, आपलं बोलणं बदलायचं. मूल बदलायला जायचं नाही. गिजुभाईंनी पुढे दिवास्वप्न नावाचं एक छोटंसं पुस्तक गुजरातीत लिहिलं. एक शिक्षक साहेबांची परवानगी काढून चौथीच्या वर्गावर वर्षभर वेगवेगळे प्रयोग करतो, फसतो, पुन्हा करतो, अशी ती कथा. मराठीतही ते आलेलं आहे. शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकीनं एकदा तरी वाचावं असं आहे.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. शिक्षणपत्रिका नावाचं मासिक चालवलं. आधी गुजरातीत, मग ताराबाईंनी ते मराठीतही आणलं. पुढे त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. शिक्षिका तयार करायचे वर्गही चालू झाले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. आधार गेला, पण काम थांबलं नाही. दादरच्या सुशिक्षित घरांतली मुलं, स्वच्छ खोल्या, छान छान साधनं. सगळं कसं मार्गी लागलं होतं.

आणि इथंच ताराबाईंना एक प्रश्न छळायला लागला. ही शाळा शहरातल्या खात्यापित्या घरांची. खेड्यातल्या, गरिबांच्या मुलांचं काय? त्यांना हे परवडणार कसं? आणि जे त्यांना परवडत नाही ते खरं शिक्षण कसलं?

डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. समुद्राकाठचं गाव, आता ते पालघर जिल्ह्यात येतं. तिथं त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. आपल्याकडे पन्नाशी आली की बाई गुडघे धरून बसते आणि आता काय राहिलंय म्हणते. ताराबाईंनी त्या वयात नव्यानं सुरुवात केली. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचीही कथा वेगळी सांगावी अशीच. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंची गाठ पडल्यावर पुण्याची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक बालविधवा. समाजानं ज्यांना अपशकुनी म्हणून बाजूला सारायचं, त्या दोघींनी गावातल्या लेकरांची आई व्हायचं ठरवलं.

बालवाडी तर उघडली. पण गरीब वस्तीतली, तेव्हा जिला हरिजनवाडा म्हणत तिथली मुलं काही येईनात. आता आपण असतो तर काय म्हटलं असतं? या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही! असंच ना? ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. मुलं का येत नाहीत ते बघायला त्या वस्तीत गेल्या. आईबाप पहाटे मजुरीला गेलेले. मुलांना आंघोळ घालायला, केस विंचरायला, शाळेत आणून सोडायला घरात कुणी नाही. अंगावर धड कपडा नाही, त्यामुळे चांगल्या घरच्या मुलांत बसायला लाज. अशा मुलानं शाळेत यायचं तरी कसं?

मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाकडे जाऊ दे, असं ठरलं. वस्तीतलं एखादं अंगण झाडून घ्यायचं, मुलं गोळा करायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी! घरासमोरच सगळं चालायचं, त्यामुळे आयांना आणि आज्यांनाही ते बघायला मिळायचं. बघता बघता त्यांचा विश्वास बसायचा.

दुसरी अडचण साधनांची. माँटेसरीची साधनं महाग, सुतारकामातली, पॉलिश केलेली. खेड्यात ती कुठून आणायची? मग समुद्रावरचे शंखशिंपले आले, चिंचोके आले, पानं, फुलं, माती आली. लहानमोठं ओळखायला शिंपले चालतात आणि मोजायला चिंचोके. विकत आणलेल्या ठोकळ्यानं जे शिकवता येतं ते फुकटच्या चिंचोक्यानंही शिकवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथं वारली आदिवासींची वस्ती. इथं पुन्हा नव्या अडचणी. मोठी मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जायची. मग शिक्षक त्यांच्यामागं कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि बाजूला झाडाखाली शाळा भरलीय. त्याला नाव पडलं कुरणशाळा. मोठ्या मुली यायच्या नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंडं. तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. ही विकासवाडी. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

बघा, प्रत्येक वेळी पद्धत एकच. अडचण आली की मुलाला किंवा आईला दोष द्यायचा नाही. जाऊन बघायचं, कारण शोधायचं, उपाय करायचा, जमला नाही तर बदलायचा. कृतिसंशोधन हा शब्द कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९४६ मध्ये मांडला. शाळेच्या कामात ते कसं करावं यावरचं स्टीफन कोरी यांचं पुस्तक आलं १९५३ मध्ये. आपल्या ताराबाई मात्र १९४५ पासूनच बोर्डीच्या अंगणात तेच करत होत्या, शब्दाची वाट न बघता.

१९६२ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. ताराबाईंनी हे काही पाहिलं नाही. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ मध्ये जाईपर्यंत सांभाळलं.

आता जरा माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळानं गावाबाहेरच्या एका वस्तीत बालवाडी चालवायला घेतली. मोठ्या उत्साहानं फलक लावला, नारळ फोडला, फोटो काढले. हजेरीपटावर २२ नावं आणि यायची ७ मुलं. महिन्याच्या अहवालात मी काय लिहायचे ठाऊक आहे? पालक उदासीन. दोन वर्षं दर महिन्याला तेच दोन शब्द. लिहायला सोपे, आणि आपल्याकडे काही दोष येत नाही.

मग वाचनालयातून अनुताईंचं कोसबाडच्या टेकडीवरून हे पुस्तक हाती आलं. ते वाचताना मला रात्रभर झोप लागली नाही. मी त्या वस्तीत फलक लावायला गेले होते, फोटोला गेले होते, पण मुलं का येत नाहीत हे विचारायला एकदाही गेले नव्हते! दुसऱ्याच दिवशी गेले. एका बाईनं मला पाणी दिलं आणि साध्या भाषेत सांगितलं, ताई, तुमची शाळा साडेदहाला, आम्ही नऊला खुरपायला जातो. लेकराला तोवर तयार करून कुणापाशी सोडू? थोरली येते म्हणाली, पण तिच्या कडेवरच्या बाळाला तुमची बाई आत घेत नाही.

दोन वर्षं मी जे शोधत होते ते दोन मिनिटांत कळलं. उदासीन पालक नव्हते, उदासीन मी होते. आम्ही वेळ आठची केली. बाळांसाठी साडीच्या दोन झोळ्या बांधल्या. महिन्याभरात मुलं १५-१६ वर गेली. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला कारखान्यावर गेली की आकडा पुन्हा खाली यायचा. त्यावर आम्हाला अजून पुरता उपाय सापडलेला नाही. पण आता निदान अहवालात खरं कारण लिहितो.

हे सगळं ऐकून शेजारची सूनबाई गप्प झाली. मग म्हणाली, काकू, माझ्या वर्गात मंगळवारी अर्धी मुलं नसतात. आपल्या तुळजापुरात मंगळवारी का नसतात हे काय सांगायला हवं? देवीचा वार, भाविकांची गर्दी. कुणाच्या आईचं हळदकुंकवाचं दुकान, कुणाचं कवड्यांच्या माळांचं, कुणाचं नारळाचं. लेकरं हाताखाली. ती इतके दिवस बुधवारी त्या मुलांना उभं करायची. तेच तिनं अहवालाला घ्यायचं ठरवलं. उतरवून काढलेला अहवाल द्यायचा नाही म्हटल्यावर मुदत मागावी लागली, त्याबद्दल चार बोलणीही खावी लागली. पण सहा आठवडे तिनं नेटानं काम केलं. बुधवारी मुलांना उभं करणं बंद. उलट कालच्या दुकानाचा हिशेब त्यांनाच फळ्यावर मांडायला लावायचा. किती नारळ गेले, पन्नासच्या नोटेतून किती परत दिले.

निकाल काय लागला? मंगळवारची हजेरी फारशी वाढली नाही. एकदोन मुलंच वाढली. पण हातच्याच्या वजाबाकीत अडखळणारी मुलं भराभर करायला लागली, आणि बुधवारी मुलं शाळा चुकवायची ती यायला लागली. तिनं जसं घडलं तसंच लिहिलं. हजेरीचा उपाय फसला हेही लिहिलं. तो अहवाल घेऊन ती मला दाखवायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते उतरवून काढलेल्या अहवालातून कधीच मिळालं नसतं.

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच काही शिक्षिका नाही. पण अभ्यासाला न बसणारं मूल आपल्याही घरात असतं. न जेवणारं नातवंड असतं, उलट उत्तर देणारी लेक असते. तेव्हा ओरडायच्या आधी एक दिवस फक्त बघू या. का करतंय ते शोधू या. मुलाऐवजी आपली वेळ, आपली जागा, आपलं बोलणं बदलून बघू या. आणि पुढच्या वेळी गल्लीतल्या अंगणवाडीवरून जाल तेव्हा आत जरा डोकावा, ताईंना विचारा, काही हवं नको ते बघा. त्या अंगणात एकेकाळी एक त्रेपन्न वर्षांची बाई हातात कंगवा घेऊन बसली होती, हे लक्षात असू द्या.